मरीमायचा गाडा ओढणारा हकीम

भेटला की तो आधी तुमचा हात हातात घ्यायचा आणि पंज्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडायचा. कातडी झटकन बसली तर हसायचा. हळू बसली तर अंगातलं पाणी आटलंय म्हणून त्याचा चेहरा उतरायचा. "पहले पानी पियो, नाम बाद में बताना," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे झालं असं की त्याला आमच्यातल्या कोणाचं नाव ठाऊक नव्हतं आणि त्याचं विचारायचं आम्हालाही सुचलं नाही. सगळे हकीमच म्हणत.

तो काबूलकडचा. घोड्यांच्या सौदागरांबरोबर आला होता. आमच्या गाडीतळावर पटकीच्या हगवण-ओकारीची साथ लागलेली पाहिली, आणि सौदागर पुढे गेले तरी हा राहिला. ते कापसाच्या तेजीचे दिवस. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपल्याने तिथला कापूस बंद झालेला आणि इकडे वऱ्हाडात लोक बैलांची शिंगं चांदीने मढवत होते. अकोल्याच्या बाजारात जागा मिळेना, म्हणून अकोटच्या वाटेवर एका गावाबाहेर गाड्या खोळंबून असत. तिथे मी एका व्यापाऱ्याचा कापूस तोलायचो. माझा थोरला भाऊ, दादा, गाडी हाकायचा.

त्या तेजीत ज्याला त्याला काहीतरी हवंच असे. हकीम काहीच घेईना, म्हणूनच त्याचा जास्त संशय. "याले पायजे तरी काय बाप्पा?" गाडीवाले एकमेकांना विचारत. कोणी त्याला लुटारूंचा हेर ठरवी, कोणी चेटक्या. रोग्यांना तो लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी द्यायला लावी, पण स्वतः भांड्याला शिवत नसे. आमचा विटाळ-चांडाळ त्याने आमच्याहून नीट पाठ केला होता. "घडा तुम्हारा, हाथ तुम्हारा. मैं सिर्फ देखूँगा," म्हणे, आणि खरंच दुधापाशी बसलेल्या मांजरासारखा बघत बसे.

मग दादाला पटकी झाली. दुपारपर्यंत त्याचे डोळे खोल गेले, आवाज बसला. हकीमने कातडी उचलली, ती तशीच उभी राहिली. आणि नेमक्या त्याच दिवशी गावाने आपली विहीर गाडीतळाला बंद केली. नाल्यातलं गढूळ पाणी हकीम कोणाला पिऊ देईना. मी धावत पाटलाकडे गेलो, हकीम मागोमाग आला.

"मरीमायचा गाडा शिवेपार गेल्याबिगर इहीर उघडनार नाई," पाटील म्हणाला. तोही भ्यालेलाच होता.

तुम्ही पाहिला नसेल, म्हणून सांगतो. देवीचा लहानसा लाकडी गाडा असे. गावातली रोगराई त्यात बसवायची आणि पुढच्या गावाच्या हद्दीत नेऊन सोडायची. त्या गावाने तो आणखी पुढे ढकलायचा. गाडा नेणाऱ्याने मात्र गावात परत पाऊल टाकायचं नाही, आणि त्याच्याजवळही कोणी जायचं नाही.

"मंग कोनी नेत काहून नाई?" मी विचारलं.

"तिकडचे लोकं लाठ्या घेऊन उभे हायेत. कोनाचं पोट्टं धाडू मी मार खायले?"

हकीम पुढे झाला. "मैं ले जाऊँ?"

पाटील त्याच्याकडे वळला. "वापस नहीं आ सकते, मियाँ. पहलेच बोल देता हूँ."

"इसके भाई को पानी मिलेगा?"

पाटलाने मान हलवली.

निघण्याआधी हकीमने तळावर येऊन माझी बोटं धरली आणि दादाच्या हाताची कातडी माझ्या चिमटीत दिली. "अब तू देख. घूँट घूँट देना, जल्दी मत करना." मला ओरडून सांगावंसं वाटलं की मला हे जमणार नाही. पण तो तोवर गाड्याची दांडी धरून चालू लागला होता.

शिवेवर लाठ्या उठलेल्या मला तळावरून दिसल्या. हकीम गाड्याशेजारी खाली बसला आणि बोलत राहिला. पटकी त्या गावातही शिरलेलीच होती; गाडा तुमच्याही शिवेपार मीच नेतो, असं तो म्हणाला, हे मागाहून कळलं. लाठ्या हळूहळू खाली आल्या. इकडे विहीर उघडली. मी घोट घोट पाणी पाजत राहिलो आणि पुन्हा पुन्हा कातडी उचलून पाहत राहिलो. दुसऱ्या दिवशी ती खाली बसू लागली, तेव्हा मला रडू फुटलं.

दादा हिंडूफिरू लागला तसा म्हणाला, "त्याले पागोटं बांधल्याबिगर मी कापूस भरनार नाई." अकोल्याच्या जुन्या शहरातून चांगलं पागोटं आणलं आणि आम्ही रिकामी गाडी जुंपून निघालो.

पुढच्या गावात कळलं, "हाव, आला व्हता. आमचीबी रोगराई त्याच गाड्यात घेऊन गेला." त्याच्या पुढच्या गावातही तेच. अकोट मागे पडलं. जिथे जावं तिथे विहीर उघडी, माणसं सावरलेली, आणि हकीम पुढे गेलेला. माझा जीव टांगणीला लागला. दादा बैलांना कधी मारत नसे, त्या वाटेवर त्याने मारलं.

अचलपूरच्या पलीकडे, डोंगर जवळ आले तिथे, गाडा शिवेवर उभा होता. दांडी जमिनीला टेकलेली. शेजारी मातीचा ताजा उंचवटा.

"अंगात पटकी घेऊनच आला," त्या गावचा कोतवाल लांबूनच म्हणाला. "गाड्यापाशी जायाची कोनाची छाती झाली नाई. त्याले दिसंल असा घडा भरून ठेवला व्हता आमी. मंग अचलपूरच्या मुसलमानायनं येऊन माती देली."

घडा अजून तिथेच भरलेला होता, परत न्यायलाही कोणी धजलं नव्हतं. गाड्याच्या तो एवढा जवळ होता की धडधाकट माणसाने उठून सहज घेतला असता.

दादाने पागोटं उलगडलं आणि त्या मातीवर लांबच्या लांब पसरलं. मग जाऊन तो घडा उचलून आणला आणि उशाकडच्या बाजूला घोट घोट ओतू लागला.