मुकादमाचा फोन

मुकादमाचा फोन आला की उचलावाच लागे. नाही उचलला तर तो पुन्हा लावायचा, मग थेट घरी लावायचा, आणि माझी आई विचारायची, "कोण रे हा मुकादम? कुठं कामाला लागलास का तू?"

काम कसलं डोंबलाचं. मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात आमची वीस जणांची टीम होती आणि तो लीडर. मूळचा पिशोरचा, वाळूजच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला. पहिली शिफ्ट सुटली की साडेचारला ऑनलाइन येऊन आधी सगळ्यांची हजेरी घ्यायचा, म्हणून मुकादम.

त्याचा नियम एकच. कुणी तीन दिवस खेळायला आला नाही तर काढायचं नाही, आधी फोन करायचा. "माणूस बरा हाय का नाय, ते तर बघा," म्हणायचा. मी वैतागायचो. बाकीच्या टीमा गैरहजर पोरं पटापट काढून चांगले नेमबाज घेत होत्या, आणि हा बाबा फोन लावत बसलेला.

औरंगपुऱ्यात कापडाच्या दुकानात असलेला समद आमच्यात सगळ्यात कच्चा. शत्रू सोडून भिंतीवर गोळ्या झाडायचा. एकदा तो चार दिवस आला नाही, तेव्हा मी म्हटलं, बरं झालं, काढून टाक. मुकादमानं सगळ्यांसमोर झापलं मला. "लई शाना हायस. फोन लावला का त्याला?" मग त्यानंच लावला. समदचे अब्बा दवाखान्यात होते. शिफ्ट संपवून हा गडी डबा घेऊन तिथं जाऊन बसला आणि त्या दिवशीची मॅच आम्ही हरलो. दोन दिवस मी त्याच्याशी धड बोललो नाही.

पुढं त्याला ओव्हरटाइम लागला. "आठ दिवस तू सांभाळ," म्हणून लीडरपद माझ्याकडं दिलं. आठाचे बारा झाले तरी त्याचा पत्ता नाही. स्पर्धा तोंडावर आलेली, जागा एकही रिकामी नाही, आणि एक भारी खेळाडू यायला तयार. मी यादी उघडली, मुकादमाचं नाव शोधलं आणि काढून टाकलं. सगळ्यांनी पाहिलं. फक्त समदनं विचारलं, "फोन लगाया क्या भाई?"

"स्पर्धा झाल्यावर बघू," मी म्हणालो.

समदनं तेव्हाच लावला आणि मग मला कळवलं. आठवडा झाला होता, मुकादमाचा उजवा हात प्रेसमध्ये सापडला होता. अंगठा गेला.

स्पर्धा आम्ही जिंकलो, आणि मला त्या जिंकण्याचाही राग येतो. पोरं म्हणतात, गेमच तर होता, सोड ना. असं म्हणणाऱ्याच्या कानाखाली द्यावीशी वाटते. पण ते बटण त्यांनी नाही, मी दाबलं होतं. ज्याच्या फोनला मी इतकी वर्षं नावं ठेवली, त्याला एक फोन माझ्यानं झाला नाही. लाज वाटायला हवी होती, तिथं मी यादी बघत होतो.

शेवटी लावला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "डावा हात शाबूत हाय ना. लावला असतास तर उचलला असता."

आता तो पिशोरलाच असतो. समदचा फोन उचलतो, माझा नाही. मी पुन्हा लावतो, मग त्याच्या घरी लावतो. त्याची आई म्हणते, "तो वावरात गेलाय, बाबा," आणि मागून त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत असतो.