दुसऱ्या अंतऱ्याची आणेवारी

माझ्या मेव्हण्यासारखा गाण्याचा पारखी परभणी जिल्ह्यात झाला नाही आणि होणारही नाही. मी चार बुकं शिकलेला माणूस, पण हे कुणाच्याही तोंडावर सांगीन. सरकार पिकाची आणेवारी करतं, हा सिनेमातल्या नव्या गाण्यांची करायचा. सोळा आणे म्हणजे भरलेलं रान, सहाच्या खाली दुष्काळ. सोळा त्यानं कुणाला दिले नाहीत. मुखडा ऐकून तर तोंडच उघडायचा नाही. "मुखडा म्हणजे बांधावरचं पीक, दाजी. रस्त्यानं जाणाऱ्याला हिरवंच दिसतंय. आत शिरावं, दुसऱ्या अंतऱ्यात. तिथं कळतंय दाणा भरलाय का पोचट हाय." दोन गाणी शेजारी लावून बसला की दिवस बुडायचा. "हे हायब्रीड ज्वारी, दिसायला दणकट, खायला भुसा. ते गावरान, रानात ताट बारीक पण भाकर गोड." नामांतराच्या बंदात एसट्या नव्हत्या, तर एक हुकलेला अंतरा ऐकायला हा जिंतूरला पायी गेला. आल्यावर म्हणला, "सात आणे," आणि पाय शेकत बसला.

वालूरच्या एका लग्नात मंगलाष्टकं सुरू करायची म्हणून भोंगेवाल्यानं ऐन दुसऱ्या अंतऱ्यावर गाणं बंद केलं. हा मांडवात उभा राहिला. "थांबा! अंतरा होऊद्या!" नवरदेवाचा चुलता अंगावर धावला, "मुहूर्त टळायलाय!" हा म्हणला, "मुहूर्त पंचांगात लय हायत. ही तबकडी उद्या सोनपेठला चाललीय!" मांडव हसला, भटजीही हसले, अंतरा वाजला. सगळं लग्न खोळंबवून ह्यानं त्या गाण्याला दिले नऊ आणे.

माझी बायको ह्याची थोरली बहीण. तिच्या आवडत्या गाण्याला ह्यानं अकरा आणे दिले, म्हणून ती जन्मभर भांडली. "मेल्या, माझ्या भाकरीला किती देतो?" "सोळा." "मग भाकरी थापताना म्हणते त्या गाण्याला अकरा?" "भाकर तू केलीस आक्का, गाणं तू केलं न्हाईस."

शेवटच्या दुखण्यात ती खाटेला खिळली. डॉक्टरनं मला आणि ह्याला खरं सांगितलं होतं, तिला नाही. हा टेप घेऊन आला आणि उशाशी तेच गाणं लावलं. तिनं विचारलं, "आता किती?" मी मागून खुणा करायलोय, सोळा म्हण, सोळा. ह्यानं डोळे मिटून दुसरा अंतरा पुरता ऐकला. "अकराच, आक्का." एक थोबाडीत द्यावी वाटलं. पण ती हसली, लय दिवसांनी. मला म्हणाली, "बघा, ह्याला मी अजून बरी दिसायलेय. सोळा म्हणला असता तर आपलं काही खरं नाही, हे मी समजले असते." असा इमानाचा माणूस माझा सोयरा आहे, म्हणून मी आजही छाती काढून चालतो.

ती गेल्यावर एकदा आम्ही दोघं सोनपेठच्या बाजारात चहा प्यायला बसलो. हॉटेलातल्या टेपवर तेच गाणं लागलं. मुखडा सरला नाही तोच हा उठला. "सोळा," म्हणला.

मी म्हणलं, "अरे, दुसरा अंतरा यायचाय."

"ऱ्हाऊद्या दाजी. आत शिरवत न्हाई."

चहा तसाच ठेवून तो बाहेर गेला. त्याच्या जागी कुणीतरी ऐकायला पाहिजे, म्हणून मी बसून राहिलो. अंतरा शेवटपर्यंत ऐकला.

खरं सांगतो, अकराच आणे.