आईनं काढून टाकलेला ऑटो

लाईट आली की शेजारच्या विहिरीवरचा ऑटो खटकन वाजतो, पाण्याची मोटार आपोआप सुरू होते आणि मला आळे गावातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आठवतात. आईच्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढून वर्ष झालं होतं आणि तिनं रोजची गोळी परस्पर बंद केली होती. "टोमॅटोवरचा रोग गेल्यावर आपण फवारतो का? मग आता गोळी कशाला?" तिनं तपासणीला गेल्यावर विचारलं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्या आमच्याच भागातल्या. म्हणाल्या, "मावशी, तुमच्या मोटारीला ऑटो हाय ना? गाठीच्या पेशींत तसंच एक प्रोटीन व्हतं. अंगातलं हार्मोन आलं, की ते वाढीची जनुकं चालू करायचं. एखादी पेशी मागं राहिली असंल, तर तिचा ऑटो ही गोळी बंद ठेवती." गेल्याच महिन्यात ऑटो चालू राहून रात्रभर पाणी साचलं आणि आमचा काढणीचा कांदा वावरातच सडला होता. "लई वंगाळ असतोय बाई तो," म्हणत आईनं तिथंच पाणी मागून गोळी घेतली. मग एकही दिवस चुकवली नाही. आता गोळ्यांचा कोर्स पुरा झालाय. आमच्या मोटारीचा ऑटोही तिनं काढून टाकलाय. लाईट आली की बटण दाबायला ती स्वतः रानात जाते, आणि तिच्या पाठमोऱ्या चालीकडं बघत मी त्या डॉक्टरबाईंना मनातल्या मनात हात जोडतो.