वडिलांची लाल पगडी

ट्रंक उघडली, वरच वडिलांची पगडी होती, आणि कापराच्या वासासोबत आष्टीच्या बाजारातला तो मांडव डोळ्यांसमोर उभा राहिला. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. बड्या लोकांच्या तोऱ्यावरचं एक जुनं विनोदी नाटक आम्ही बसवलं होतं. मी शेठ झालो होतो आणि डोक्यावर वडिलांची ही सणाची लाल पगडी होती, त्यांना न विचारता आणलेली. आमच्या दुकानात कुणाला उधारीला नाही म्हणण्याआधी वडील दोन बोटांनी पगडी सावरत. मी तेच केलं आणि मांडव हशाने दणाणला.

पहिल्या रांगेतून वडील उठले. "उतार ती पगडी! आत्ताच्या आत्ता!"

मी शेठच्याच आवाजात म्हणालो, "बसा शेठजी. नाटक संपलं न्हाई अजून."

"बसा की काका, जल्दी काय हाय!" मागून कुणीतरी ओरडलं.

रागाने वडिलांचा हात स्वतःच्या डोक्यावरच्या रोजच्या पगडीकडे गेला. सगळे बघताहेत हे कळताच तो अर्ध्यातूनच खाली आला. पुढे ती लकब त्यांच्यात मला कधीच दिसली नाही.

त्या हाताचं ओझं मी अजून वाहतो. पण पगडी मी उतरवली नाही, आज तीच वेळ आली तरी उतरवणार नाही. त्या दोन बोटांनी परत पाठवलेली माणसं त्या संध्याकाळी पोटभर हसली होती.