पुतळ्याशेजारचं हसू

मी मुरुडचा सिद्दी. पूर्वज आफ्रिकेतून आले, कुणी खलाशी म्हणून, कुणी विकले जाऊन. मी मात्र मराठी शाळेत शिकलो, आणि आता सौदीत जेद्दाच्या बलदमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या शहरात, एका जुन्या हॉटेलात रिसेप्शनवर बसतो. आपलीच माणसं विचारतात, "इंडियन? सच में?" मी मराठीत बोललो की आ वासून बघतात. रोज नव्याने काय सांगायचं? कंटाळा आलाय बाबा. हल्ली नुसती मान हलवतो.

गेल्या वर्षी मालकाने हॉटेल नवं केलं आणि शोभेला परदेशातून एक जुना लाकडी पुतळा आणला. कमरेएवढा काळा नोकर. लाल फेटा, बटाट्याएवढे डोळे, लालभडक ओठ, बत्तीशी बाहेर, हातात तबक. गुलामांचा बाजार भरायचा त्या काळी गोऱ्यांच्या दिवाणखान्यात असले पुतळे असायचे. माणसाला बाजारात उभं करून विकायचं, आणि घरात त्याचा पुतळा काय, तर खुशीत हसतोय! कशाला हसेल तो, मेला? पाहुणे तबकात खोलीची किल्ली टाकायचे, गालावर टिचकी मारून फोटो काढायचे.

माझ्यासोबत काम करणारा रत्नागिरीकर पहिल्याच दिवशी म्हणाला, "काय रे, तुझा गाववाला आला." मनात वाईट काही नव्हतं त्याच्या. त्याच्याच डब्यातलं माशाचं कालवण मी रोज खातो. त्या दिवशी मात्र डबा त्याच्याकडे परत सरकवला.

मग मॅनेजर म्हणाला, हॉटेलच्या जाहिरातीसाठी पुतळ्याशेजारी उभा राहा, दात दिसू देत. मी नाही म्हणालो. नोकरी, इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, सगळं त्यांच्या हातात. पण माझ्या आठ वर्षांच्या लेकीला शाळेत पोरं रंगावरून चिडवतात, आणि मी तिला सांगत असतो, कुणी हस म्हटलं म्हणून हसायचं नाही. तिने मला तिथे तसं पाहिलं, तर पुन्हा कोणत्या तोंडाने सांगणार?

"दुसऱ्या कुणाला तरी उभं करा," म्हटलं.

"दुसरं कोण शोभेल इथे?" मॅनेजर म्हणाला. मग "खलास", विषय संपला, म्हणत निघून गेला. मला वाटलं, सुटलो.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी बायको लेकीला घेऊन हॉटेलवर आली. मी त्यांना घ्यायला बाहेर आलो, तर दारावर नुकताच नवा बोर्ड लागला होता, त्यावर तो पुतळा आणि शेजारी मी, तोंडभर हसणारा. माझ्या व्हॉट्सॲपवरचाच फोटो उचलला होता. ईदला शीरखुर्मा खाताना लेकीने माझ्या नाकाला साय फासली होती, तेव्हाचा. साय पुसून टाकली होती, लेकीला कापून टाकलं होतं. माझ्या खांद्यावर तिची चार बोटं तेवढी राहिली होती.

तिला कुठे लपवू, का स्वतःच लपू, काही सुचेना. ती बोर्डासमोर उभी राहून बघत राहिली.

"अब्बा, ये तो मेरा हाथ है," ती म्हणाली. "आप मुझे देखके हँस रहे थे ना? फिर वो हँसना इस पुतले को क्यों दे दिया?"

"मी नाही दिलं गं. त्यांनी न विचारता घेतलं."

"तो वापस ले लो ना."

मॅनेजर आतल्या खोलीत होता, त्या खोलीचं दार उघडंच होतं. मी रिसेप्शनची खुर्ची ओढत बाहेर बोर्डाखाली नेली, तिच्यावर चढलो आणि बोर्ड काढायला हात घातला. खुर्ची डुगडुगत होती. रत्नागिरीकर उठून आला आणि दोन्ही हातांनी त्याने ती धरली.