टोलीतल्या चुली

तुमसर रोड स्टेशनवर गाडी जेमतेम थांबते, म्हणून माय मला घेऊन कितीतरी आधीच फलाटावर येऊन बसली होती. मोहाडीचा आठवडी बाजार तिनं त्या दिवशी बुडवला होता आणि ते ती मला पुन्हा पुन्हा ऐकवत होती. जणू तिला पोरगी चालल्याचं काही नव्हतं, मासळी विकायची राहिली याचंच दुःख होतं. बाकावर शेजारी बसलेली एक बाई मायच्या पातळाचा मासळीचा वास येऊन जरा सरकून बसली. मायनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. मला मात्र राग आला, आणि तो राग घेऊनच मी गाडीत चढले.

गाडी दिसल्यावर मायनं माझा हात धरला. "सुनी, तिथं माणसं जोडजो. लग्नाले बलावलं तं जाजो, नाही बलावलं तं नोको जाऊ. पण कोणाच्या घरी मयत झाली तं बलावण्याची वाट नोको पाहू. उठजो आन् जाजो." घरून पहिल्यांदा निघालेल्या मुलीला लोक नीट जेव, जपून राहा असं सांगतात. माझ्या मायनं मयतीचं सांगितलं. मला तेव्हा हसू आलं होतं.

ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोहाडी तालुक्यात, तलावाच्या बांधाला, पाळीला लागून आमची ढिवरांची टोली, म्हणजे मासेमारांची वस्ती, आहे. घरं थोडी, तीही एकमेकांना चिकटून. वडील मी शाळेत असतानाच गेले. पुढे मायनं मासळी विकून मला डिप्लोमापर्यंत शिकवलं. टोलीत कोणी गेलं की त्या माणसाची माती होईपर्यंत एकाही घरात चूल पेटत नाही आणि तलावात जाळं पडत नाही. कोणी तपासायला येत नाही, पण कोणी मोडतही नाही. माती आटोपली की शेजारणी भात-वरण रांधतात, दुःखाच्या घरी नेतात आणि त्या घरच्या माणसाला पहिला घास हातानं भरवतात. मग टोली जेवते. लहानपणी या सगळ्याचा मला भारी वैताग यायचा. पोटात कावळे ओरडत असायचे आणि मोठी माणसं गप्प बसलेली असायची.

पुण्याजवळच्या एका कंपनीत मी सुटे भाग तपासायच्या कामाला लागले. आधी मुलींच्या खोलीत राहिले, नंतर पगार वाढला तसा एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर एकटीनं फ्लॅट भाड्यानं घेतला. सगळे मला 'नागपूरची' म्हणायचे. भंडारा सांगितलं तर "म्हणजे नागपूरच ना?" म्हणायचे आणि सुट्टीवरून आले की संत्र्यांची चौकशी करायचे. आमच्याकडे धान पिकतो, संत्री आम्हीही विकतच घेतो, हे सांगून सांगून मी थकले. मग नागपुरात उतरून संत्री घ्यायला लागले. कोणाला नाराज कशाला करायचं? बोलणंही बदललं. तोंडातलं 'मले' आधी गेलं, 'काहून' नंतर गेलं. फोनवर माय म्हणायची, "तू तं आता बातम्यावानी बोलून राहिली." पण तिला त्यात कौतुकच होतं.

फ्लॅट घेऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे काका गेले. सकाळी खाली शववाहिनी दिसली. मी गॅसवरचा चहा तसाच उतरवला, सुट्टी टाकली आणि खाली गेले. दार उघडं होतं. बायकांच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसले. बाकीच्या सोफ्यावर होत्या. कोणी मला काही विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. आमच्याकडे अशा वेळी बोलायचं नसतंच. काकांना नेल्यावर मी वर आले आणि मायनं दिलेला मोठा गंज काढला. तो भरून भात टाकला, दुसऱ्या भांड्यात वरण केलं. सकाळपासून मीही उपाशीच होते. दोन्ही भांडी घेऊन जिना उतरले आणि त्यांच्या दाराशी उभी राहिले.

त्यांच्या मुलानं दार उघडलं. रडून त्याचे डोळे सुजले होते. गंजाकडे बघून तो म्हणाला, "कोणाकडून आलात तुम्ही? डबे आम्ही आधीच सांगितलेत." मी म्हणाले, मी वरच्या मजल्यावर राहते. तो गोंधळला. "हो, पण... हे कोणी करायला सांगितलं तुम्हाला?" मागून त्याची आई, काकू, बघत होत्या. त्यांनी हात जोडले आणि दार हळूच लागलं. तो भात मी आणि वॉचमननं खाल्ला. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की दुःखात असलेल्या कुटुंबाला एकांत द्यावा, भेटायला जाण्याआधी फोन करावा. माझं नाव नव्हतं. नसलं तरी ते माझ्यासाठीच होतं, हे लिफ्टमधल्या नजरांवरून मला कळत होतं.

ही माणसं वाईट नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. माझा गॅस संपला तेव्हा सिलिंडर दिला, मला ताप आला तेव्हा औषध आणून दाराच्या कडीला लावलं. दुसऱ्याच्या घरात न डोकावणं हाच त्यांचा चांगुलपणा होता. तोही मी शिकले. पुढे कोणी गेलं की ग्रुपवर जोडलेले हात पाठवायचे आणि कामाला निघायचं. मला ते चांगलं जमायला लागलं, आणि मग हळूहळू लोकही माझ्याशी मोकळे झाले. सोसायटीच्या गणपतीत मला वर्गणी गोळा करायच्या कामात घेतलं. आपण इथल्या झालो असं मला वाटलं आणि आनंदही झाला.

मग माय तलावाच्या पाळीवर चक्कर येऊन पडली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी हृदय कमजोर झाल्याचं सांगितलं आणि एकटं ठेवू नका म्हणाले. मी तिला घेऊन आले. घराला कुलूप लावून किल्ली शेजारच्या अनुसयाकाकीकडे दिली. माय टोलीत साऱ्यांच्या घरी जाऊन आली, आणि गाडीत बसल्यावर मोहाडी येईपर्यंत मागे वळून बघत राहिली.

फ्लॅटमध्ये तिनं पहिल्याच दिवशी दार उघडून ठेवलं आणि उंबऱ्याच्या आत चटई टाकून बसली. मी लावायला गेले तर म्हणाली, "दार लावलं तं कोणी येईन कसा?" मी कामावरून आले की ती तशीच बसलेली दिसायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती विचारायची, "जेवले का?" लोक हसून मान हलवायचे आणि लिफ्टचं बटण दाबायचे. समोरच्या ताई मला एकदा म्हणाल्या, "आई गोड आहेत हो तुमच्या, पण दार उघडं ठेवणं सेफ नाही." मी मायला सांगितलं. तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं.

एका संध्याकाळी भाजी निवडताना तिनं विचारलं, "सुनी, मी इथं मेली तं मले कोण उचलन?" मी चिडले. असलं अभद्र बोलू नको म्हणाले. ती शांतपणे बोलत राहिली. "तू कायले चिडून राहिली? मी एवढंच म्हणतो का मले टोलीत नेजो. इथं कोणाची चूल माझ्यासाठी थांबन?" मी म्हणाले, "नेईन माय." दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला दोघी गावी जाऊ, असंही मी बोलले. मंडई म्हटल्यावर ती खुलली, कोण कोण पाहुणे येतील ते सांगत बसली.

दिवाळीच्या आधीच ती गेली. मी सकाळच्या पाळीला निघाले तेव्हा ती अंघोळ करून, केस विंचरून चटईवर बसली होती. दुपारी परत आले तेव्हाही तिथेच होती, भिंतीला टेकून, मान एका बाजूला कलली होती. दार सताड उघडं. हात लावला तर ती गार झाली होती. केव्हापासून, ते कोणालाच सांगता आलं नाही. समोरच्या ताई धावत आल्या आणि रडायलाच लागल्या. "मी दोनदा गेले हो इथून. मला वाटलं, त्यांचा डोळा लागलाय. म्हटलं, कशाला उठवायचं." त्यांना काय बोलणार? उघड्या दारात माय मरून बसली होती आणि सगळे तिला त्रास होऊ नये म्हणून पाय न वाजवता जात होते.

डॉक्टर, दाखला, ॲम्ब्युलन्स हे सगळं होईपर्यंत संध्याकाळ झाली. मधल्या वेळात मी अनुसयाकाकीला फोन केला आणि मायला घेऊन येते म्हणाले. तिकडून रडणं ऐकू आलं, आणि मग कोणीतरी मोठ्यानं साऱ्या टोलीला हाक दिलेली ऐकू आली. इकडे ग्रुपवर जोडलेले हात येत होते. फोन सारखा वाजत होता. मी तो उलटा करून ठेवला.

स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना. ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार माझ्याकडे बघायला लागले. वॉचमन वर आला आणि त्यानं एक कोपरा धरला. चौथा कोपरा मी धरायला वाकले, तेवढ्यात कोणीतरी मला बाजूला केलं. तिसऱ्या मजल्यावरचा तो मुलगा होता. त्यानं तो कोपरा धरून मायला चारही जिने उतरवलं आणि गाडीत नीट ठेवलं. काकू आपल्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. कोण उचलन, असं मायनं विचारलं होतं. आता तिला उत्तर द्यायची सोय नव्हती.

रात्रभर गाडी चालली. भंडारा सोडून मोहाडीच्या रस्त्याला लागलो तेव्हा चांगलं ऊन आलं होतं. दोन्ही बाजूंना लवकर पिकणारा हलका धान कापणीला आला होता. गावात शिरलो, तलावाची पाळ दिसली, आणि सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं ते हे की पाण्यात एकही माणूस नव्हता. कोरडी जाळी कुंपणावर वाळत होती. टोलीच्या एकाही घरावर धूर नव्हता. सगळी टोली आमच्या आंगणात बसलेली होती. म्हातारी माणसं, बाया, मांडीवर पेंगलेली लेकरं.

मी काकीला विचारलं, "काकी, कालपासून?"

"सांजच्या सैपाकाले बसतच होतो तं तुझा फोन आला," ती म्हणाली. "होते का काही एका दिवसानं? लेकरांले बिस्किटं देल्ली."

मला तोवर रडू आलं नव्हतं. तिथं आलं. मी मायला टोलीत आणायला सगळी रात्र प्रवास केला, असं मला वाटत होतं. टोली तिच्यासाठी काल सांजेपासून उपाशी बसली होती. त्यात आजारी माणसं होती, सकाळी रोजीवर जाणारी माणसं होती. ज्या नियमाचा मला लहानपणी वैताग यायचा, तो त्यांनी माझ्या मायसाठी दोन जेवणं पाळला.

माती झाली. परत येताना पाहिलं तर घराघरांतून एकदमच धूर निघत होता. काकी भात-वरण घेऊन आली. कुलूप तिनंच उघडून ठेवलं होतं. तिनं घास माझ्या तोंडाशी धरला आणि म्हणाली, "खाय माय. तू खाशीन तवा टोली जेवन." मी खाल्लं. त्या भाताची चव मला सांगता येणार नाही, पण काका गेले तेव्हा काकूंच्या दारावरून मी परत आणलेला भात मला आठवला.

आता पुण्याला येऊन पावसाळा उलटला. गावचं घर बंद आहे, किल्ली काकीकडे आहे. टोलीतली पोरंही आता नागपूर, हैदराबाद, सुरत अशी पांगली आहेत. अजून किती वर्षं कोणासाठी चुली थांबतील, मला माहीत नाही. माझ्यासाठी थांबायच्या असतील तर आधी तिथं कळायला तर हवं. इथं मी मेले तर ग्रुपवर हात जोडले जातील, पण कोणाला फोन करायचा हे या इमारतीत एकालाही ठाऊक नाही.

म्हणून परवा मी तिसऱ्या मजल्यावर गेले. आधी फोन केला नाही. काकूंनी दार उघडलं आणि मला आत घेतलं. मी म्हणाले, "एक नंबर लिहून घ्याल का? मला कधी काही झालं तर आधी इथं कळवा. फक्त उशीर करू नका. तिथं लोक जेवायचे थांबतात." काकूंनी चष्मा लावला, मोबाइलमध्ये नंबर घातला आणि अनुसयाकाकीचं नाव लिहिलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "कोण लागतात या तुमच्या?"

नात्यानं ती माझी कोणीच लागत नाही.

"घरच्या आहेत," मी म्हणाले.