न दिलेली पोच

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि दर वर्षी ईस्टरच्या आधी कुमसाराला, म्हणजे पापं कबूल करायला, गुडघे टेकतो तेव्हा जाळीपलीकडच्या फादरलाही नाही. तिथे मी राग सांगतो, आळस सांगतो, दारू सांगतो. हे तेवढं वगळतो. लोकांचा समज असा, की त्या दिवशी आमसभेत मी तहसीलदार साहेबांच्या भीतीने खोटं बोललो. तो समज मी राहू दिला, कारण भीतीला माणसं माफ करतात. खरं म्हणजे मला कुणी काही सांगितलं नव्हतं. साहेबांनी डोळासुद्धा दाखवला नव्हता. मी खोटं बोललो ते एका माणसाला तोंडघशी पाडायला.

तो माणूस विरोधी पक्षाचा आमच्या तालुक्यातला पुढारी. मी तालुक्याच्या कचेरीत पुरवठ्याच्या टेबलावर, म्हणजे रेशनकार्डांचा कारकून. तो मला तेव्हा आवडत नसे आणि, खरं सांगायचं तर, आजही आवडत नाही. बोलताना टेबलावर कोपरं टेकून निम्मा आत यायचा. खिशात पेन असून माझं पेन उचलायचा आणि टोपण चावून परत ठेवायचा. दवाखान्यात डॉक्टर नाही, एसटीची दुपारची फेरी बंद, शाळेला दोन वर्गांत मिळून एकच बाई, असं सगळं तो माझ्याच अंगावर येऊन ओरडायचा, जणू एसटी मीच उभी करून ठेवली होती.

रेशनवरून तो भांडायला आला त्याच्या आठवडाभर आधी माझ्याकडे एक बाई आली होती. काजूच्या कारखान्यात काम करणारी, नवऱ्यामागे एकटी, कार्डावर नाव तिचं एकटीचंच. आमच्याकडे काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांवर रेघा राहत नाहीत. टरफलाचा चीक कातडी खातो. राख लावा, तेल लावा, वर्षं गेली की बोटाचं टोक गारगोटीसारखं गुळगुळीत होतं. आणि रेशनच्या दुकानातल्या मशीनला तर रेघाच लागतात. अंगठा जुळला नाही की तांदूळ नाही. अशांची नोंद वर कळवून दुसरी सोय करता येते. ती करणं माझं काम.

बाईला अर्ज वगैरे माहीत नव्हता. रांगेत तिच्यामागे तिच्याच कारखान्यातल्या दोघीतिघी होत्या. मी म्हटलं, "बोला बाई, काय ते." तशी तिने पदर सारखा केला, हात जोडले आणि देवळात गाऱ्हाणं घालतात तसं सुरू केलं.

"बा साहेबा म्हाराजा, ह्यो माझो आंगठो. काजी फोडून फोडून ह्येच्यो रेघो गेल्यो, ता काय तुझ्या नदरेक दिसता मां?"

"व्हय म्हाराजा!" मागच्या बायका.

"मशीन म्हणता, ही बाय ती न्हय. मगे मी कोण?"

"व्हय म्हाराजा!"

"चार म्हयने तांदूळ नाय. तर ही जी काय आडनड इली आसा ती दूर कर, नि माझ्या घराक तांदूळ पोचव रे म्हाराजा!"

सगळी रांग हसत होती. मीही हसत होतो. मी ख्रिस्ती, पण वाढलो हिंदू वाडीत. शेजाऱ्यांच्या देवळात गाऱ्हाणं सुरू झालं की आम्ही पोरं बाहेरच्या पायरीवरून सगळ्यांच्या वर ओरडायचो. ते तोंडात बसलेलं. शिक्का हातात धरून मी म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

देवाला करतात तसा नमस्कार करून बाई गेली. मी तिच्याकडून कागद घेतला नाही, पोच दिली नाही. पोच म्हणजे अर्ज मिळाल्याची शिक्का मारलेली प्रत. कचेरीत तीच खरी, बाकी सगळा वारा. मनात होतं, दुपारी आपणच दोन ओळी लिहून टाकू. नाव वहीच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने टिपूनही ठेवलं. दुपारी काहीतरी वेगळंच निघालं. मग महिन्याचं पत्रक वर पाठवायची वेळ आली. त्यात एक रकाना असतो : अंगठा न जुळल्याने धान्य न मिळालेले लाभार्थी. मी तिथे मागच्या महिन्यासारखंच लिहिलं, "निरंक". सरकारी भाषेत शून्य लिहीत नाहीत, निरंक लिहितात. शब्द सोवळा आहे. लिहिताना हाताला काही लागत नाही.

त्यानंतर पुढारी आला. ओरडतच आला.

"काजीच्या कारखान्यातल्यो बायो उपाशी रवतत. किती जणी आसत, आकडो दी."

मी म्हटलं, "माहितीच्या अधिकारात अर्ज करा."

"अर्ज? तुका पगार कित्याचो गावता रे? खुर्ची गरम करूचो?" मग रांगेकडे वळून, आवाज चढवून म्हणाला, "ह्येंचां काय! उद्या पोर्तुगालचो पासपोर्ट काढून ह्यो विमानात बसतलो. हय कोण जेवलो नि कोण ऱ्हवलो, ह्येका काय पडलाहा?"

रांग खो खो हसली. आमचा किनारा कधी पोर्तुगीजांचा नव्हता. तो पासपोर्ट गोव्यातल्यांना मिळतो, आम्हांला नाही. माझे पणजोबा इथल्याच चर्चमागे वाळूत पुरले आहेत. हे सगळं मला त्याला सांगता आलं असतं. मी फक्त माझं पेन त्याच्या हातातून ओढून घेतलं. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही, आणि तेव्हापासून मी वाट बघत होतो.

आमसभा महिन्याभराने झाली. सभागृह भरलेलं, पंखे घरघरताहेत, व्यासपीठावर आमदार आणि त्यांच्या शेजारी आमचे साहेब. मी खाली फाइली घेऊन बसलेला. पुढारी उठला तो माइक न घेताच. दवाखाना झाला, एसटी झाली. मग म्हणाला, "तुमचे मंत्री नाक्यावरच्या फलकार हसतत, घरोघर अन्न म्हणान. नि हय दुकानात काय चल्लाहा? ह्या सरकाराक माणूस नको, आंगठो होयो!"

साहेबांनी शांतपणे पत्रक वाचलं. "आपल्या तालुक्यात अंगठा न जुळल्याने वंचित राहिलेले लाभार्थी, निरंक."

"निरंक?" त्याने मागे हात केला. "उठ गे."

तीच बाई उठली. त्याने तिचा हात धरून अंगठा वर केला. मला ते तेव्हा बघवलं नाही, बाईला वस्तूसारखं दाखवतो म्हणून चीड आली. साहेब म्हणाले, "बाई, अर्ज केला होता? पोच आहे?"

बाईला पोच कळली नाही. तिने मला शोधलं आणि बोट केलं. "ह्येंका सांगितलंय. गाऱ्हाणा घातलंय. ह्येनी व्हय म्हटल्यानी."

सभागृहात हशा पिकला. साहेबांनाही हसू आलं. ते म्हणाले, "काय हो, आल्या होत्या का या?"

पुढारी माझ्याकडे बघत होता. तोंडावर माझ्या पेनाचं टोपण चावताना असायचं तेच हसू. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "नाही साहेब. या बाई माझ्याकडे आल्याच नाहीत."

एवढंच. माझा आवाज स्वच्छ होता. आमदारांच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "खयसून भाड्यान हाडलस रे हिका?" दुसरा म्हणाला, "आंगठो तरी हिचोच मां?" पुढाऱ्याचा चेहरा मी बघितला. जे बघायला महिनाभर थांबलो होतो ते मला मिळालं, आणि खोटं कशाला बोलू, गोड लागलं. तो पुढे धावला, साहेबांच्या हातातलं पत्रक ओढून फाडलं आणि तुकडे व्यासपीठावर फेकले. पोलिसांनी त्याला धरलं. सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. साक्षीदारांत माझं नाव आहे. बाई आलीच नव्हती, या जबाबाखाली माझी सही आहे.

सभा मोडल्यावर मी फाइली बांधत होतो. बाई शेजारी येऊन उभी राहिली. रागावली नव्हती. खालच्या आवाजात, आपलंच काही चुकलं असेल अशा सुरात विचारलं, "बाबा, तुमी व्हय म्हटलात मां?"

मी गाठ आवळत राहिलो. ती पदर सारखा करून गेली.

पुढचं सांगायला जास्त जड जातं. काही महिन्यांनी सतत धान्य न उचलणाऱ्या कार्डांची यादी आली. ज्यांना गरज नाही त्यांची नावं कमी करायची होती. यादीत तिचं नाव होतं. ती धान्य का उचलत नाही हे सगळ्या कचेरीत एकट्या मला माहीत होतं. तिथे तांबड्या पेनने शेरा मारला असता तर चौकशी लागली असती, आणि चौकशीत आमसभा निघाली असती. मी बरोबरची खूण केली. तिचं कार्ड बंद झालं.

आता माझं टेबल बदललं आहे. बाई अजून कारखान्यात जाते. सकाळी स्टँडवर कधी दिसते, ओळख दाखवत नाही. तिच्या शेजारणीकडून कळलं, तो पुढारी दर महिन्याला आपल्या घरातला तांदूळ तिच्या दारात ठेवून जातो, फोटो न काढता. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला त्याचा अजून राग आला. माझ्या जागेवर तो उभा आहे असं वाटलं. खटल्याच्या तारखांनाही तो येतो, कोर्टाच्या व्हरांड्यात मला बघून थुंकतो. वकिलाला सांगतो, "ह्यो बघ, निरंक इलो." हे नाव आता बारमधल्या पोरांपर्यंत गेलं आहे. मी ऐकून घेतो. तो उद्धट आहे, आणि त्या दिवशी जे बोलला ते खरं होतं. या दोन्ही गोष्टी एका माणसात असू शकतात हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

वहीचा तो पुठ्ठा मी फाडून घरी आणला आहे. पेन्सिल पुसट झाली आहे, पण तिचं नाव वाचता येतं.

माझी साक्ष अजून व्हायची आहे. कोर्टात उभं राहून मला सांगायचं आहे, की ही बाई माझ्याकडे आली होती, मी तिचं गाऱ्हाणं ऐकलं आणि व्हय म्हटलं. मग ते कार्ड मीच बंद केलं हे साहेबांना लिहून द्यायचं आहे, आणि त्या कागदाची शिक्का मारलेली पोच तिच्या हातात नेऊन द्यायची आहे. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.